मधल्या उंचीचा टाका

हँगरमधल्या माणसांचे दोनच प्रकार होते. एक मावशीला घाबरणारे, आणि दुसरे तिच्याशी अजून गाठ न पडलेले.

हँगर म्हणजे विमानं दुरुस्तीला येऊन उभी राहतात ती पत्र्याची भलीमोठी शेड. तिच्या एका कोपऱ्यात शिवणाची खोली, आणि त्या खोलीत बत्तीस वर्षं मावशीचं राज्य. खुर्च्यांची कव्हरं, पडदे, पट्टे, कॉकपिटच्या भिंतींना आतून लागतं ते जाड अस्तर, जे जे सुईखालून जातं ते सगळं मावशीच्या हातून जायचं. शाळा चौथीपर्यंत. आकडे वाचता यायचे, सही करता यायची, आणि समोरचा खरं बोलतोय की थापा मारतोय हे त्याच्या तोंडावरून वाचता यायचं. एवढ्या शिक्षणावर तिचं आजवर काही अडलं नव्हतं. पाठीमागे लोक तिला सुईमावशी म्हणायचे. ते हातातल्या सुईवरून की तोंडातल्या, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

"माझी शिवण परत आली असेल तर दाखवा," हे तिचं ठरलेलं वाक्य. बत्तीस वर्षांत कोणी दाखवली नव्हती.

तिची सून त्याच हँगरमध्ये विमानांच्या तारा आणि यंत्रं बघायची. ती कामाला लागली त्या दिवशीच मावशीनं नियम घालून दिला होता. "गेटच्या आत सासू नाही आणि सून नाही. मी मावशी, तू तारवाली. उगाच लोकांना फुकटचा तमाशा नको." त्यामुळे गेटच्या आत दोघी परक्यासारख्या वागायच्या, आणि गेटच्या बाहेर पाऊल पडलं की सकाळी नळ कोणी उघडा ठेवला होता यावरून भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालू व्हायचं.

सहा महिन्यांपूर्वी तारवालीला शिक्का मिळाला होता. अंगठ्याएवढा, लाकडी मुठीचा, तिच्या एकटीचा आकडा कोरलेला. काम तपासून कागदावर तो शिक्का मारला की त्या कामाचं बरंवाईट त्या माणसाच्या गळ्यात. त्यासाठी ती दोन वर्षं अभ्यास करत होती, पोळलेले हात आणि जांभया घेऊन. मावशीनं तोंडानं कौतुक म्हणून एक शब्द काढला नाही, पण सुनेच्या कामाच्या कोटाला शिक्क्यासाठी दुहेरी तळाचा खिसा शिवून दिला, आणि तो तीन वेळा उसवून पुन्हा शिवला, कारण तोंड किंचित तिरकं येत होतं. ज्याला कळायचं त्याला तेवढ्यात कळतं.

आता तोच शिक्का जायची वेळ आली होती.

एक पन्नास खुर्च्यांचं, पंख्याचं, जुनं विमान होतं. त्याचा कप्तान गेल्या तीन आठवड्यांत दोनदा तक्रार लिहून गेला होता: वर चढताना आणि खाली उतरताना टक्कर टाळायच्या यंत्राचा पिवळा दिवा लुकलुकतो. वर पोचून सरळ उडायला लागलं की दिवा शहाणा. तारवालीनं दोनदा तपासलं. एकदा त्या यंत्राचा डबा बदलला, एकदा जोडण्या काढून पुसून बसवल्या. दोन्ही वेळा सगळं ठीक निघालं. दोन्ही वेळा तिनं 'दोष आढळला नाही' असं लिहून शिक्का मारला. आणि आज विमान तिसऱ्यांदा दारात.

सकाळी घरी तिनं पावाचा तुकडा चहात बुडवला आणि विसरली. तो विरघळून तळाला गेला.

"आई, हिला काहीतरी बोल," मावशीचा मुलगा म्हणाला. "कपातला पाव बुडाला तरी हिला पत्ता नाही."

"बुडू दे. पाव आहे, विमान नाही," मावशी म्हणाली. मग सुनेकडं न बघता, "साहेब काय म्हणाले?"

"आज पण काही सापडलं नाही तर शिक्का कपाटात. पुन्हा परीक्षा, पुन्हा सहा महिने दुसऱ्याच्या हाताखाली." सुनेनं कप बाजूला सारला. "आणि त्यांचं चुकतंय असं पण म्हणता येत नाही. त्या विमानात पन्नास माणसं बसतात."

"मग सापडेल," मावशी म्हणाली. "न सापडून जाईल कुठं? विमान तर इथंच उभं आहे."

हे बोलणं सोपं होतं. मावशीला सोपं बोलायला फार आवडायचं.

साहेब म्हणजे हँगरचे मुख्य तपासनीस. त्यांना सगळे कार्डसाहेब म्हणायचे, आणि हे त्यांना माहीत होतं. विमानाच्या प्रत्येक तपासणीचं एक छापील कार्ड असतं. पहिलं हे करा, मग ते करा, इथं आकडा लिहा, इथं सही. कार्डसाहेबांना कोणी काही विचारलं की त्यांचा उलटा प्रश्न एकच, "कार्डात आहे का?" माणूस वाईट नव्हता. फक्त कार्डात नसलेल्या गोष्टी जगात असतात हे त्यांना पटायला वेळ लागायचा. मावशी म्हणायची, यांच्या घरी जेवायला बसताना घास चावायचाय हे पण कार्डात लिहावं लागत असेल.

नऊ वाजता तपासणी सुरू झाली. मावशीचं खरं म्हणजे तिथं काही काम नव्हतं. पण कॉकपिटमधल्या उजव्या खुर्चीच्या हाताचं कव्हर कोपऱ्यात उसवलं होतं (ते तिनं शिवलेलं नव्हतं, हे तिनं तीन जणांना सांगून झालं होतं), आणि ते नेमकं आज, नेमकं नऊ वाजता शिवणं फार गरजेचं आहे असं तिनं ठरवलं. सुया, कात्री आणि मेणाच्या निळ्या दोऱ्याचं रीळ घेऊन ती खुर्चीच्या मागच्या बोळकांडीत जाऊन बसली.

"मावशी, नंतर नाही का चालणार?" कार्डसाहेब म्हणाले.

"तुमची यंत्रं डोक्यानं चालतात, माझी सुई हातानं. एकमेकांना लागत नाहीत. चालू द्या."

तारवालीनं बाहेर विमानाच्या नाकाजवळच्या बारीक भोकांना नळ्या लावल्या होत्या आणि त्या आत आणून कॉकपिटच्या दारातल्या एका पेटीला जोडल्या होत्या. ही पेटी हवा ओढून घ्यायची. जितकं वर जावं तितकी हवा पातळ, त्यामुळे हवा ओढली की विमानाला वाटतं आपण वर चाललो. जागचं तसूभर हलत नाही, चाकांना ठोकळे लावलेले, आणि विमान मनातल्या मनात पाच हजार फुटांवर. मावशीला हे भारी गमतीचं वाटायचं. तिच्या माहितीत अशी माणसंही बरीच होती.

ही मनातली उंची विमान नुसतं स्वतःपाशी ठेवत नाही. आसपासच्या विमानांना ओरडून सांगत असतं, मी इतक्या उंचीवर आहे, मी इतक्या उंचीवर आहे. दोन विमानं फार जवळ आली की टक्कर टाळायचं यंत्र एकाला म्हणतं वर हो, दुसऱ्याला म्हणतं खाली हो. म्हणजे सगळी भिस्त त्या सांगितलेल्या उंचीवर. ती खरीच सांगितली जाते का, हे आज बघायचं होतं. त्यासाठी उजव्या खुर्चीवर हातात मावेल एवढं एक परीक्षायंत्र ठेवलं होतं, आणि त्याच्या पडद्यावर विमान बाहेर काय ओरडतंय तो आकडा दिसत होता. खुर्ची उजवी, मावशी तिच्या मागे, त्यामुळे पडदा बरोबर तिच्या नाकासमोर.

"एक हजार," तारवाली म्हणाली.

"एक हजार," कार्डसाहेबांनी पडदा बघून कार्डावर लिहिलं.

"पाच हजारावर जाते."

पेटी घुरघुरायला लागली. तिचा काटा हळू चढवावा लागतो. घाई केली तर विमानातली नाजूक यंत्रं आतून फुटतात. म्हणून काटा चालू असताना दोघांचे डोळे काट्यावर. जणू दूध उतू जातंय. काटा थांबला की मग मान वळवून पडद्याकडं.

"पाच हजार."

"पाच हजार. बरोबर. पुढं दहा."

मावशीचं एव्हाना कव्हर शिवून झालं होतं. पण उठलं तर बाहेर जावं लागेल, म्हणून ती रिकामी सुई उगाच आत-बाहेर करत बसली आणि पडद्याकडं बघू लागली. बघायला दुसरं होतं काय? आकडे चढत होते. मग आकडे गेले आणि नुसत्या रेघा आल्या. मग पुन्हा आकडे. मग पुन्हा रेघा. टीव्हीवरची बातमी ऐकताना डुलकी लागावी आणि मान सावरावी, तसं चाललं होतं त्याचं.

"दहा हजार," तारवाली म्हणाली.

"दहा हजार. बिनचूक." कार्डसाहेबांनी लिहिलं आणि त्यांचा आवाज जरा जड झाला. "तारवाली, हे सगळं बरोबर निघतंय. गेल्या दोन वेळेसारखंच."

 सुनेचा हात खिशावर गेला. दुहेरी तळाच्या.

"बरोबर काय डोंबल निघतंय," मावशी म्हणाली. "पाच वेळा डोळे मिटले त्यानं."

दोघांनी मागे वळून पाहिलं. बहुतेक ती तिथं आहे हेच विसरले होते.

"कोणी?"

"या डब्यानं. पाच हजारापासून दहा हजारापर्यंत पाचदा रेघा आल्या. तुम्ही दोघं त्या काट्याकडं बघत होतात. नवऱ्या मुलाकडं बघावं तसं."

"मावशी," कार्डसाहेब समजुतीनं म्हणाले, "काटा चालू असताना पडद्याचं बघायचं नसतं. पडदा मागून येतो, अडखळतो. थांबल्यावरचा आकडा खरा. कार्डात तसंच आहे."

"कार्डात कुठं कुठं थांबायचं लिहिलंय?"

"एक हजार, पाच, दहा, वीस, पंचवीस."

"सगळे गोल आकडे."

"हो."

मावशीनं शिवलेलं कव्हर त्यांच्यासमोर धरलं. "साहेब, ही शिवण बघा. इथं गाठ, तिथं गाठ. कच्ची शिवणारी बाई गाठीवर ओढून दाखवते आणि म्हणते बघा किती घट्ट. गाठ घट्टच असते. टाका सुटतो तो मध्ये. मी नख फिरवते ते या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक टाका सोडत नाही. तुम्ही गाठी ओढताय आणि शिवण चांगली म्हणताय."

तारवालीचा हात खिशावरून खाली आला. "साहेब, दहा हजार शंभरवर थांबू."

"कार्डात—"

"कार्डात नाही," मावशी म्हणाली. "पण कार्डात नसलेलं करू नये, असं कार्डात कुठं आहे?"

कार्डसाहेबांनी खरंच कार्ड उलटून मागं पाहिलं. मग चष्मा पुसला. मग म्हणाले, "थांबा शंभरावर."

पेटी जराशी घुरघुरली आणि थांबली. तिघांनी पडद्याकडं पाहिलं. दहा हजार शंभरावर पडदा म्हणत होता, दहा हजार.

"दोनशे," तारवाली म्हणाली. रेघा.

"तीनशे." रेघा.

"चारशे." पडदा एकदम म्हणाला, दहा हजार पाचशे.

"पाचशे." पाचशे. सहाशे, सातशे, आठशे, नऊशे, सगळं बरोबर. अकरा हजार बरोबर. अकरा हजार शंभर, पुन्हा अकरा हजार. दोनशेला पुन्हा रेघा.

तारवाली मटकन खाली बसली आणि हसायला लागली. तीन आठवड्यांत मावशीनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "एक तार," ती म्हणाली. "साहेब, एकच तार गेलीय."

"आम्हाला पण सांग की. आम्ही पण पगार घेतो," मावशी म्हणाली.

"जुन्या विमानात उंची एका तारेतून जात नाही. दहा बारीक तारा असतात. प्रत्येक तार फक्त हो म्हणते नाहीतर गप्प राहते. कोण बोललं आणि कोण गप्प, यावरून बाहेर ओरडणारा डबा उंची ओळखतो. आता यातली एक तार अशी आहे की कुठल्याही गोल आकड्यावर तिचं काम गप्प राहायचंच असतं. हजार असो, पाचशे असो, गप्प. तिनं बोलायचं ते फक्त मधल्या शंभरांत. ती तुटली तरी गोल आकड्यावर कळणारच नाही, कारण तिथं ती गप्पच बरोबर."

मावशीनं थोडा विचार केला. "तुझे सासरे," ती म्हणाली. "जन्मभर गप्प. लोक म्हणायचे किती समंजस माणूस. एकदा बोलायची वेळ आली तेव्हा कळलं, यांना विषयच माहीत नव्हता."

कार्डसाहेबांना हसू आवरेना, आणि हसताना सापडू नये म्हणून ते कार्डात तोंड घालून बसले. मग बाहेर येऊन म्हणाले, "विमानं उडतात पण गोल आकड्यांवरच. म्हणून वर पोचल्यावर दिवा शहाणा. पण चढता-उतरताना बाजूच्या विमानाला याची उंचीच कळत नसेल, तर वर हो की खाली हो, हे कोण कोणाला सांगणार?" ते एकदम गंभीर झाले. "कुठून जाते ही तार?"

तारवालीनं मोठा नकाशा उलगडला आणि बोट फिरवत नेलं. "उंचीच्या डब्यातून निघते, इथून वर, आणि मग उजव्या भिंतीतून. या अस्तराच्या मागून." तिनं मावशीच्या कानाजवळच्या करड्या अस्तरावर टिचकी मारली. "हे काढावं लागेल. मी स्क्रू काढायचं हत्यार आणि नवी तार आणते."

"मी परवानगीचा कागद आणतो," कार्डसाहेब म्हणाले, कारण अस्तर उघडायला कागद लागतो, हे कार्डात होतं.

दोघं शिडीवरून खाली उतरले. मावशी हलली नाही.

तिला ते अस्तर चांगलं ओळखीचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी तिनंच ते नवीन घातलं होतं. आणि तेव्हा काय झालं होतं, हे तिला आता असं आठवलं की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. अस्तर धरून ठेवणारी भिंतीमागची एक पकड तुटली होती. अस्तर मधोमध फुगत होतं. भांडारवाला म्हणाला, नवी पकड आठ दिवसांनी येईल. आठ दिवस कोण थांबणार? मावशीनं वाकडी सुई घेतली, अस्तराच्या आतून घातली, मागे काहीतरी अंगठ्याएवढं भक्कम लागलं, त्याला वळसा घालून दुहेरी टाका घेतला आणि ओढून गाठ मारली. अस्तर ढोलकीसारखं ताठ बसलं. ती स्वतःवर खूश होऊन खाली उतरली होती. ते भक्कम म्हणजे काय, हे बघायची तसदी तिनं घेतली नव्हती.

तिनं अस्तराच्या कडेतून दोन बोटं आत घातली. गाठ हाताला लागली. बत्तीस वर्षांची गाठ, आंधळ्यालाही ओळखू यावी अशी. आणि गाठीच्या मागे, निळ्या दोऱ्यानं करकचून आवळलेली तारांची जुडी.

कात्री एप्रनमध्ये होती. एक कचका, दोरा बाहेर, दोरा खिशात. पाच मिनिटांचं पण काम नव्हतं. अस्तर उघडल्यावर त्यांना दिसणार काय तर एक टोचलेली तार. तारा घासतात, जुन्या होतात, तुटतात. कोणी म्हणणार नव्हतं की मावशीनं केलं.

मग कोणी केलं म्हणतील?

हे मात्र तिला लगेच कळलं, चौथी शिकलेली असली तरी. त्या जुडीवर शेवटचा हात कोणाचा? दोन महिन्यांपूर्वी सगळ्या तारा नीट बांधून कागदावर शिक्का कोणी मारला होता? घरी जेवताना तिनंच ऐकलं होतं, आणि वर म्हणाली होती, तारा बांधण्यात काय एवढं, माझ्याकडं ये, गाठ शिकवते.

मावशीनं कात्री बाहेर काढली, बघितली, आणि खुर्चीखाली तिला सहज पोचता येणार नाही अशा ठिकाणी सरकवून दिली. हाताचा काही भरवसा नसतो. बत्तीस वर्षं डोक्याआधी चाललेला हात.

शिडीवर पावलं वाजली. पुढं कार्डसाहेब, मागं तारवाली.

"साहेब," मावशी म्हणाली, "कागद ठेवा जरा. अस्तर काढाल तेव्हा मागे निळा दोरा दिसेल. तारांच्या जुडीला वळसा घातलेला. तो माझा."

कार्डसाहेबांना काही समजलं नाही. "तुमचा कसा?"

"दोऱ्याला आणखी कोण मालक असतो? पकड तुटली होती. थांबायला सांगितलं होतं, थांबले नाही. मागे काय आहे ते न बघता टाका घेतला. ती तार माझ्या सुईनं गेली. तिनं," तिनं हनुवटीनं सुनेकडं दाखवलं, "तारा बांधल्या त्या नीटच बांधल्या होत्या. मीच जाऊन त्यांना अस्तराला शिवलं. जगात दुसऱ्या कोणाला सुचायचं नाही, ते मला सुचलं."

कार्डसाहेबांनी हातातला कागद खुर्चीवर ठेवला.

"आई," सून म्हणाली. गेटच्या आत.

"मावशी," मावशीनं दुरुस्त केलं. "आणि तोंड काय वासून बघतेस? स्क्रू काढ. विमानाला दुपारी जायचंय."

अस्तर निघालं. निळा दोरा होता तसा होता. तारवालीनं भिंग लावून बघितलं. एका पांढऱ्या तारेच्या पोटातून सुई आरपार गेली होती आणि ताणानं आतला तांब्याचा केस तुटला होता. टाका इतका सरळ आणि गाठ इतकी सुबक होती की कार्डसाहेब नकळत म्हणून गेले, "काम मात्र फर्स्ट क्लास आहे."

"ते काय सांगायला पाहिजे?" मावशी म्हणाली, पण आवाज रोजच्यापेक्षा बारीक होता.

दोरा कापताना गंमत झाली. तारवालीच्या पक्कडीनं गाठ सुटेना, ब्लेडनं कापवेना, कारण ब्लेड तारांना लागेल. शेवटी मावशीलाच पुढं व्हावं लागलं. तिनं सुईच्या टोकानं गाठीचा एक पदर उचलला, दुसरा सैल केला, आणि गाठ उमललीच. "मारता येते त्याला सोडवता यायला पाहिजे," ती म्हणाली, आणि मग आपण कुठं काय बोलतोय हे ध्यानात येऊन गप्प झाली. खुर्चीखालची कात्री काढायला मात्र कार्डसाहेबांना गुडघ्यावर जावं लागलं. ती तिथं कशी गेली हे त्यांनी विचारलं नाही, आणि मावशीनं सांगितलं नाही.

तार बदलली. जुडी नवी बांधली. पेटी पुन्हा घुरघुरली. आणि या वेळी काटा शंभर-शंभरानं थांबला, आणि दर थांब्याला तीन माणसांनी एकदम पडद्याकडं पाहिलं. दहा हजार शंभर, दहा हजार शंभर. दोनशे, दोनशे. तीनशे, तीनशे. पंचवीस हजारांपर्यंत एकही रेघ आली नाही. कार्डसाहेबांच्या कार्डावर जागा संपली, तेव्हा त्यांनी समासात लिहायला सुरुवात केली. त्यांना समासात लिहिताना हँगरमध्ये आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"यापुढं मधल्या उंच्या पण बघायच्या," ते म्हणाले. "मी वर पत्र लिहितो. कार्डात घालायला लावतो." मग त्यांनी घसा साफ केला. "आणि मावशी, अस्तराची नोंद करावी लागेल. काय झालं ते. तुमची सही."

"करा की. मी कुठं पळून चाललेय? आणि अक्षर मोठं काढा, मला वाचता आलं पाहिजे मी कशावर सही करतेय."

त्यांनी लिहिलं. मावशीनं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. एका ठिकाणी 'अनवधानानं' असं होतं. ती म्हणाली, "हा शब्द काढा. घाईनं लिहा. अनवधान वगैरे मोठ्या लोकांचं असतं." त्यांनी खोडून 'घाईनं' लिहिलं. तिनं सही केली, पाच अक्षरांची, शाळेत शिकवली होती तशी, वरची रेघ शेवटी मारून.

"आणखी एक," कार्डसाहेब म्हणाले, आणि आता ते जरा मागं सरकले, जसं माणूस भाजणाऱ्या भांड्यापासून सरकतो. "कॉकपिटमधलं कुठलंही अस्तर लावल्यावर, बंद करायच्या आधी, तारांच्या माणसानं मागचं तपासायचं आणि शिक्का मारायचा. असा नियम करावा लागेल."

"म्हणजे माझ्या शिवणीवर शिक्का?"

"हो."

"कोणाचा?"

कार्डसाहेबांनी तारवालीकडं पाहिलं. तारवालीनं छताकडं पाहिलं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

मावशीनं रिळाचा सुटलेला दोरा हळूहळू गुंडाळला. शिडीखाली दोन कारागीर काम सोडून कान देऊन उभे होते, त्यांना वाटलं आता हँगरचा पत्रा उडतो.

"असू दे," ती शेवटी म्हणाली. "पण शिक्का सरळ मारायचा. तिरका मारला तर मी अस्तर उसवून पुन्हा लावीन, आणि तिला पुन्हा मारायला लावीन."

मग तारवालीनं दुहेरी तळाच्या खिशातून शिक्का काढला, शाईच्या गादीवर दाबला आणि विमानाच्या कागदावर मारला. खट्ट. आकडा स्वच्छ उमटला. आज पहिल्यांदाच त्याच्या वर 'दोष आढळला' असं लिहिलेलं होतं, आणि खाली 'दोष दूर केला'. कार्डसाहेबांनी तो शिक्का तिच्या हातातून घेतला नाही. नुसती मान हलवली आणि कपाटाच्या किल्ल्या खिशात टाकल्या.

दुपारी कप्तान विमान घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला. शिडीवरूनच ओरडला, "दिवा नाही. एकदाही नाही. कोणी पकडलं?"

कोणी काही बोलायच्या आधी तारवाली म्हणाली, "मावशींनी."

"मावशींनी? पण मी तर ऐकलं की मावशींनीच—"

"दोन्ही ऐकलंत ते बरोबर ऐकलंत," मावशी म्हणाली. "आणि तुम्ही वर जाताना नुसता दिवा लुकलुकतो लिहिलंत. कितव्या फुटाला लुकलुकतो ते लिहिलं असतंत तर पहिल्याच दिवशी मिटलं असतं. हात मोडले होते का?"

कप्तान हसत हसत निघून गेला. पुढच्या वेळेपासून तो फूट लिहायला लागला.

गेटच्या बाहेर पाऊल पडल्यावर नळाचं भांडण पुन्हा सुरू व्हायला हवं होतं. झालं नाही.  दिवे लागत होते. सुनेनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "आई, तुम्ही तो दोरा कापून टाकला असता तर मला कधीच कळलं नसतं."

"मला कळलं असतं," मावशी म्हणाली. "आणि मी एकदा बोलायला लागले की मला कोण गप्प करणार? वर्षभरात मीच कोणालातरी सांगून बसले असते."

सून हसली. मग मुद्दाम म्हणाली, "आता ते वाक्य मात्र गेलं तुमचं. माझी शिवण परत आली असेल तर दाखवा."

मावशी थांबली. रस्त्याच्या मधोमध, मागून सायकलवाला घंटी वाजवत असताना.

"वाक्य कशाला जाईल? बत्तीस वर्षांत एकदाच परत आली," ती म्हणाली, "आणि ती पण पकडायला दुसऱ्या कोणाची ताकद नव्हती. मलाच पकडावी लागली. चल, दूध घ्यायचंय."